वाचकांच्या मागावर: एडिनबरा ते इनरपेफ्रे

बुधवार, एडिनबरा

स्कॉटलंडला जाणारे बहुतेक प्रवासी किल्ले, सरोवरे आणि रणांगणे पाहण्याच्या बेताने निघतात. मी मात्र या खेपेस वेगळा बेत आखला होता. जिथे पुस्तके लिहिली गेली, छापली गेली आणि मुख्य म्हणजे साध्या माणसांनी वाचायला घरी नेली, अशी ठिकाणे पाहत या देशाचा इतिहास समजून घ्यायचा होता. राजे आणि लढाया यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. विणकर, खाणकामगार आणि शेतकरी काय वाचत होते, हे स्कॉटलंडमध्ये जितके नोंदवलेले सापडते तितके फार थोड्या देशांत सापडत असेल, आणि माझी खरी ओढ त्या नोंदींकडे होती.

एडिनबराचे मुख्य रेल्वेस्थानकच एका कादंबरीचे नाव मिरवते. सर वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’ १८१४ साली लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली आणि पुढे तिचे नाव स्थानकाला मिळाले. स्थानकाबाहेर येताच प्रिन्सेस स्ट्रीटवर स्कॉटचे साठ मीटरहून उंच स्मारक दिसते. एका साहित्यिकाला इतके मोठे स्मारक शहराच्या मध्यभागी मिळावे याचे मला अपार कौतुक वाटले. ते उभारणारा जॉर्ज मिकल केम्प हा मूळचा सुतार होता, आणि काम पुरे होण्याआधीच १८४४ साली कालव्यात बुडून त्याचा मृत्यू झाला, हे वाचल्यावर त्या काळवंडलेल्या दगडांकडे मी जरा अधिक वेळ पाहत राहिले.

तेथून चढ चढून जॉर्ज चौथा पूल गाठला. या पुलावर स्कॉटलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. रस्त्यावरून इमारत फार उंच वाटत नाही, कारण तिचे अनेक मजले पुलाच्या पातळीखाली, थेट काउगेट नावाच्या खालच्या रस्त्यापर्यंत उतरत गेले आहेत. याच काउगेटवर स्कॉटलंडचा पहिला छापखाना होता. राजा चौथा जेम्स याने १५०७ साली वॉल्टर चेपमन आणि अँड्रू मिलर यांना छपाईची सनद दिली. चेपमन व्यापारी होता आणि मिलरला फ्रान्समधील रूआं येथील छपाईची माहिती होती. कायदे, बखरी आणि प्रार्थनेची पुस्तके छापण्यासाठी सनद मिळाली होती खरी. परंतु त्यांच्या कामातून जे पहिले टिकून राहिले ते प्रामुख्याने काव्य आहे. ४ एप्रिल १५०८ ही तारीख असलेली पुस्तिका स्कॉटलंडमधील तारीख असलेले सर्वांत जुने छापील पुस्तक मानली जाते. विल्यम डनबार आणि रॉबर्ट हेन्रिसन या कवींच्या रचना त्याच सुमारास तेथे छापल्या गेल्या. या पुस्तिका आज राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत, म्हणजे जिथे छापल्या गेल्या तेथून हाकेच्या अंतरावर.

हे ग्रंथालय मुळात वकिलांनी उभारले. त्यांच्या संस्थेचे ग्रंथालय १६८९ साली रीतसर खुले झाले, १७१० च्या कायद्याने त्याला छापील पुस्तकांच्या प्रती मिळण्याचा हक्क आला, आणि १९२५ साली कायदेविषयक ग्रंथ सोडून बाकीचा संग्रह राष्ट्राच्या स्वाधीन झाला. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७५२ पासून काही वर्षे येथे ग्रंथपाल होता, आणि आपला इंग्लंडचा इतिहास लिहिताना त्याने याच संग्रहाचा आधार घेतला.

गुरुवार, एडिनबरा

सकाळीच वाचकपत्र करून घेतले. त्यासाठी शुल्क पडत नाही. वाचनकक्षात मी पहिले पुस्तक मागवले ते जेम्स ग्रँट डफ याचा तीन खंडांतील मराठ्यांचा इतिहास. तो १८२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ग्रँट डफ हा ईशान्य स्कॉटलंडमधील बॅन्फ या किनारी गावचा. तेथून कोवळ्या वयात कंपनीच्या लष्करात येऊन तो पेशवाईच्या अखेरीनंतर साताऱ्याला रेसिडेंट झाला. आपल्याकडे हा ग्रंथ ‘मराठ्यांची बखर’ या नावाने मराठीत आला, त्यावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी एकोणिसाव्या शतकातच टीका लिहिली, आणि आपल्या इतिहाससंशोधनाची धार काही अंशी या टीकेतूनच आली असे मला वाटते. पुण्यात बसून वाचताना हे पुस्तक परक्याने आपल्यावर लिहिलेले वाटते. येथे वाचताना मला त्याची दुसरी बाजू जाणवली. कागदपत्रे गोळा करावीत, घराण्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, प्रदेशाची वर्णने करावीत, ही स्वतःच्या देशात रुळलेली सवय ती मंडळी सोबत घेऊन आली होती. ग्रँट डफच्या चुका त्यामुळे झाकल्या जात नाहीत, आणि सत्तेच्या जोरावर कागद हाती आले हेही विसरता येत नाही. पण ती सवय कोठून आली हे कळले.

त्या सवयीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे सर जॉन सिंक्लेअर याने संपादित केलेला ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट’. १७९० च्या सुमारास त्याने देशभरच्या धर्मगुरूंना दीडशेहून अधिक प्रश्नांची यादी पाठवली. आपल्या परगण्यात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, माणसे किती, पिके कोणती, मजुरी काय, शाळा आहे का, लोक कोणती भाषा बोलतात, जुने अवशेष कोणते, असे ते प्रश्न होते. उत्तरांचे २१ खंड १७९१ ते १७९९ या काळात निघाले. मी दुपारभर त्यांतील नैर्ऋत्येकडील परगणे वाचले, कारण पुढे तेथेच जायचे होते. प्रत्येक धर्मगुरूची लेखणी निराळी आहे. कोणी बटाट्यावर पानेच्या पाने लिहितो, कोणी आपल्याच घराच्या गळक्या छपराची तक्रार मांडतो, तर कोणी गावकऱ्यांच्या चहा पिण्याच्या नव्या सवयीवर नाराज असतो. स्थानिक इतिहास वाचायचा असेल तर याहून जिवंत साधन मला ठाऊक नाही. मुंबई इलाख्याची गॅझेटिअर्स वापरणाऱ्या आपल्या वाचकांना हे वाचताना ओळखीचे वाटेल. त्या गॅझेटिअर्सचा संपादक जेम्स कॅम्पबेल हाही ग्लासगोजवळच्या पार्टिकचा, एका धर्मगुरूचा मुलगा होता.

संध्याकाळी हाय स्ट्रीटवरून खाली उतरणाऱ्या अँकर क्लोज या अरुंद बोळात गेले. विल्यम स्मेली याचा छापखाना येथे होता. १७६८ पासून हप्त्याहप्त्याने निघालेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पहिल्या आवृत्तीचा तो संपादक, आणि रॉबर्ट बर्न्सच्या कवितांची १७८७ ची एडिनबरा आवृत्तीही त्याच्याच छापखान्यातून बाहेर पडली. बोळात आज पाहण्यासारखे काही उरलेले नाही. लेडी स्टेअर्स क्लोजमधील लेखकांचे संग्रहालय त्यामानाने नीट राखलेले आहे. बर्न्स, स्कॉट आणि स्टीव्हन्सन या तिघांच्या वस्तू तेथे एकाच छपराखाली पाहता येतात.

शुक्रवार, अ‍ॅबट्सफर्ड

वेव्हर्ली स्थानकातून दक्षिणेकडे, इंग्लंडच्या सीमेलगतच्या बॉर्डर्स भागात जाणारा लोहमार्ग १९६९ साली बंद झाला होता. तो २०१५ साली ट्वीडबँकपर्यंत पुन्हा सुरू झाला. शेवटच्या स्थानकापासून ट्वीड नदीच्या बाजूने पायी गेले की अर्ध्या तासाच्या आत अ‍ॅबट्सफर्ड येते. स्कॉटने १८११ साली येथे एक साधे शेत विकत घेतले आणि पुढे त्यावर हा वाडा बांधला.

ग्रंथसंग्रहाची खोली पाहिल्यावर बाकीचे घर माझ्या डोळ्यांपुढून पुसले गेले. सुमारे नऊ हजार पुस्तके स्कॉटने लावली होती त्याच मांडणीत आहेत. स्कॉटिश कायदा, जुन्या बखरी, सीमाभागातील घराण्यांचे हेवेदावे, जादूटोण्यावरील खटले, लोकगीतांच्या स्वस्त पुस्तिका यांची एका माणसाने आयुष्यभर केलेली जमवाजमव त्या कपाटांत आहे. त्याच्या कादंबऱ्यांत जो इतिहास भरलेला वाटतो तो कोणत्या कपाटातून आला, हे येथे उभे राहून पाहता येते. आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी बोलताना स्कॉटचे नाव घेण्याची जुनी रीत आहे. ती तुलना कितपत योग्य यावर वाद होईल, पण ऐतिहासिक कादंबरीचा जो साचा जगभर गेला तो याच परिसरात घडला, याविषयी शंका नाही.

स्कॉटच्या कामातला एक प्रसंग मला कादंबऱ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तरुणपणी त्याने सीमाभागातील लोकगीते गोळा करून १८०२ पासून छापली. ती गीते ज्यांच्याकडून मिळाली त्यांत मार्गारेट लेडलॉ ही एट्रिक खोऱ्यातील स्त्री होती. कवी जेम्स हॉगची ती आई. हॉगने पुढे लिहून ठेवले आहे की छापील पुस्तक पाहून तिने स्कॉटला स्पष्ट सुनावले. ही गाणी म्हणण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती; तुम्ही ती छापून त्यांची मोहिनी घालवलीत, आता ती कोणी म्हणणार नाही, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. स्कॉटने निरनिराळे पाठ जोडून, ओळी सुधारून गीते सादर केली होती, त्यामुळे तिचा राग मला रास्त वाटतो. जात्यावरच्या ओव्या लिहून घेताना हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव टिपले. दोनशे वर्षांपूर्वीच्या सीमाभागात तेवढी दक्षता घेतली गेली असती तर आज किती बायकांची नावे आपल्याला ठाऊक असती, हा विचार मनातून जाईना.

१८२६ साली, म्हणजे ग्रँट डफचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, स्कॉटचे प्रकाशक आणि मुद्रक बुडाले आणि एक लाख पौंडांहून अधिक कर्ज त्याच्या डोक्यावर आले. दिवाळे जाहीर करण्याऐवजी लिहून कर्ज फेडण्याचा मार्ग त्याने पत्करला, आणि १८३२ साली याच घरात त्याचा अंत झाला. ज्या छोट्या अभ्यासिकेत तो लिहीत असे ती मुख्य ग्रंथालयाला लागूनच आहे.

परतताना मुद्दाम लॉडरमार्गे जाणारी बस धरली. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते जॉन विल्सन १८०४ साली या गावात जन्मले. एक लांब रस्ता, जुने चर्च, दोन्ही बाजूंना दगडी घरे. अशा गावच्या शाळेतून निघालेला मुलगा चौदाव्या वर्षी एडिनबरा विद्यापीठात जाऊ शकत होता, याचे कारण १६९६ च्या कायद्यात आहे. प्रत्येक परगण्यात शाळा आणि शिक्षकाचा पगार यांची जबाबदारी त्या कायद्याने स्थानिक जमीनमालकांवर टाकली होती. अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही, डोंगराळ भागात तर फारच अपुरी. तरीही पुढच्या प्रवासात जे वाचक भेटणार होते त्यांची मुळे त्या शाळांत आहेत.

शनिवार, लेडहिल्स

ग्लासगोला राहणारा माझा भाचा सकाळी गाडी घेऊन आला. “मावशी, तिथे शिशाच्या बंद खाणी आहेत, बाकी काही नाही,” असे तो म्हणाला होता. लेडहिल्स हे गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ चारशे मीटर उंचीवर, झाडे नसलेल्या डोंगरांत आहे. उन्हाळ्यातही वारा अंग कापीत होता. रस्त्याच्या कडेला एका बैठ्या, साध्या इमारतीत खाणकामगारांचे वाचनालय आहे, आणि ते उन्हाळ्यात शनिवार-रविवारी दुपारी गावचे स्वयंसेवक उघडतात.

या वाचनालयाची स्थापना १७४१ सालची. वर्गणी भरून चालणारे ब्रिटनमधील हे सर्वांत जुने वाचनालय मानले जाते. सुरुवातीचे सभासद २३, त्यांतील एक धर्मगुरू, एक शाळामास्तर, आणि बाकी सारे खाणकामगार. त्या वेळी खाणीचा व्यवस्थापक होता जेम्स स्टर्लिंग. गणिताच्या विद्यार्थ्यांना स्टर्लिंगचे सूत्र माहीत असते. ते सूत्र ज्याच्या नावाने ओळखले जाते तो हाच. त्याने कामगारांची पाळी सहा तासांच्या आसपास ठेवली, कारण शिशाच्या खाणीत त्याहून अधिक वेळ काम करणे शरीराला झेपत नाही. उरलेल्या वेळात घरापुढचा जमिनीचा तुकडा कसणे आणि पुस्तके वाचणे हे तेथील आयुष्य झाले. व्यवस्थापकाच्या उदारपणाला याचे सारे श्रेय देणारे लेखन मी वाचले आहे, पण ते मला पटत नाही. वर्गणी कामगारांची होती, पुस्तके कोणती घ्यायची हे सभासद ठरवीत, आणि घरी नेलेले पुस्तक नीट परत येते की नाही हे तेच पाहत.

आत कपाटांत धर्मोपदेश, इतिहास, प्रवासवर्णने, शास्त्रविषयक ग्रंथ अजून आहेत. त्यांच्याबरोबर खाण कंपनीच्या मक्त्यांच्या वह्याही आहेत. कामगारांची टोळी किती खोदणार आणि त्याचा मोबदला काय, याचे करार त्या वह्यांत लिहीत. एकाच खोलीत कामाचा हिशेब आणि वाचनाची सामग्री शेजारी ठेवलेली पाहणे हा विलक्षण अनुभव होता. १८०३ साली डोरोथी वर्ड्‌सवर्थ आपला कवी भाऊ विल्यम आणि कवी कोलरिज यांच्यासह या डोंगरांतून गेली. तिच्या प्रवासवर्णनात या डोंगरांतील खाणकामगारांच्या वाचनालयाचा उल्लेख आहे. शेक्सपिअर आहे का असे विचारल्यावर, हो, तोही आहे, असे उत्तर तिला मिळाले होते.

भाचा दाराशीच एका जुन्या वहीवर वाकून बराच वेळ उभा होता. “आमच्या कंपनीत वाचायला वेळ कोण देतो?” एवढेच तो म्हणाला, आणि मग शेजारच्या वॉनलॉकहेडचे १७५६ चे वाचनालयही पाहू या, असे त्यानेच सुचवले. तेही पाहून आम्ही मेनक खिंडीतून निथ नदीच्या खोऱ्यात उतरलो.

रविवार, एलिसलंड आणि विगटाउन

निथच्या काठी, डम्फ्रीजच्या वर, बर्न्सचे एलिसलंड हे शेत आहे. १७८८ ते १७९१ अशी तीन वर्षे तो येथे राहिला. जमिनीने त्याला फार साथ दिली नाही, पण कवी म्हणून ही वर्षे समृद्ध होती. मला मात्र त्याचे वेगळेच काम आठवत होते. शेजारचा जमीनदार रॉबर्ट रिडेल याच्या साह्याने कुळांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी त्याने एक वाचनालय चालवले. प्रवेशाला पाच शिलिंग, पुढे दर बैठकीला सहा पेन्स, आणि जमलेल्या पैशांतून पुस्तकांची खरेदी, असा त्याचा व्यवहार होता. आपल्या डन्स्कोर परगण्याच्या अहवालात या वाचनालयाचा उल्लेख नाही हे पाहून बर्न्सने सिंक्लेअरला पत्र लिहिले, आणि ते ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट’मध्ये छापले गेले. खाली सही ‘एक शेतकरी’ अशा अर्थाची आहे. वाचून आनंद घेऊ शकणारा शेतकरी हा न वाचणाऱ्यापेक्षा किती वेगळा माणूस होतो, हे त्यात त्याने आवेशाने मांडले आहे. ज्याच्या प्रेमकविता आणि मद्यपानाच्या गोष्टी जग सांगत असते, त्याच्या चरित्रात या पत्राला याहून मोठी जागा मिळायला हवी.

संध्याकाळपर्यंत विगटाउन गाठले. सॉल्वे खाडीच्या काठचे, हजारभर वस्तीचे हे गाव विसाव्या शतकाच्या अखेरीस पार उतरणीला लागले होते. दूध प्रक्रिया केंद्र गेले, जवळच्या ब्लॅडनॉकचा व्हिस्कीचा कारखानाही १९९३ साली बंद पडला. १९९८ पासून स्कॉटलंडचे राष्ट्रीय ग्रंथग्राम म्हणून त्याची ओळख झाली आणि पुढच्या वर्षापासून येथे ग्रंथोत्सव भरू लागला.

सोमवार, विगटाउन

सकाळ जुन्या पुस्तकांच्या दुकानांत गेली. प्रत्येक दुकानात गॅलोवे या प्रदेशावरील पुस्तकांचे वेगळे कपाट असते, आणि एका परगण्याचा इतिहास, एका चर्चच्या कबरींची सूची, एका घराण्याची पत्रे असली पुस्तके तेथे मानाने मांडलेली असतात.

दुपारी खाडीकडे उतरले. ११ मे १६८५ रोजी येथे मार्गारेट मॅक्लॉकलन ही वृद्धा आणि मार्गारेट विल्सन ही अठरा वर्षांची मुलगी यांना भरतीच्या पाण्यात खांबाला बांधून बुडवण्यात आले, असे परंपरा सांगते. राजाने चर्चवर लादलेली व्यवस्था अमान्य करणाऱ्या पंथीयांतील त्या होत्या आणि मागितलेली शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला होता. या घटनेचा इतिहास पुस्तकांतच लढला गेला. रॉबर्ट वुड्रो याने १७२१–२२ मध्ये आपल्या ग्रंथात ती सांगितली. एकोणिसाव्या शतकात मार्क नेपिअर याने, एडिनबराहून शिक्षेला स्थगिती मिळाल्याचा कागद आहे, तेव्हा बुडवण्याची गोष्टच खोटी, असे ठासून लिहिले. त्याला १८६७ साली आर्चिबाल्ड स्ट्यूअर्ट या धर्मगुरूने उत्तर दिले, आणि त्यात पेनिंगहॅम चर्चच्या १७११ च्या सभावृत्तांतासारखे स्थानिक पुरावे पुढे आणले. घटनेला जेमतेम सव्वीस वर्षे झाली असताना, पाहणारी माणसे हयात असताना, गावच्या चर्चने ते लिहून ठेवले होते. मला स्ट्यूअर्टची बाजू बळकट वाटते. राजधानीतील एका कागदापेक्षा गावच्या वहीला अशा प्रसंगी जास्त वजन द्यावे लागते. दोघींच्या कबरी चर्चच्या आवारात आहेत.

मंगळवार, अ‍ॅलोवे

बर्न्सचे जन्मघर त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधले. गवताने शाकारलेले, एका टोकाला गुरे आणि दुसऱ्या टोकाला चूल अशा त्या घरातल्या माणसाने शेजाऱ्यांसह वर्गणी काढून मुलांसाठी जॉन मर्डोक हा शिक्षक ठेवला होता. शेजारच्या संग्रहालयात किल्मार्नकला १७८६ साली छापलेल्या पहिल्या कवितासंग्रहाची प्रत आहे. तेव्हा ६१२ प्रती निघाल्या होत्या. त्या मागणी नोंदवून घेऊन छापलेल्या असल्यामुळे बहुतेक प्रती आसपासच्या वाचकांकडेच गेल्या. अ‍ॅलोवेला गर्दी फार होती, म्हणून आम्ही लवकर निघालो.

गुरुवार, इनरपेफ्रे

बुधवार ग्लासगोत भाच्याच्या घरी विश्रांतीत गेला. आज स्टर्लिंगमार्गे क्रीफला आणि तेथून अर्न नदीकाठच्या इनरपेफ्रेला पोहोचलो. शेतांच्या मधोमध एक जुने प्रार्थनामंदिर, त्याला लागून दुमजली इमारत, आणि जवळून गेलेला रोमन काळातील रस्ता. स्कॉटलंडमधील मोफत पुस्तके देणारे पहिले सार्वजनिक ग्रंथालय ते हेच. तिसरा लॉर्ड मॅडर्टी, डेव्हिड ड्रमंड, याने १६८० साली आपली पुस्तके आणि एक शाळा परिसरातील लोकांसाठी ठेवली. पुस्तके प्रथम प्रार्थनामंदिराच्या माळ्यावर होती. आजची इमारत पुढे यॉर्कचा आर्चबिशप झालेल्या रॉबर्ट हे ड्रमंड याने बांधवली आणि ती १७६२ च्या सुमारास पुरी झाली. वरच्या मजल्यावर मोठ्या खिडक्यांजवळ वाचनाची मेजे आहेत.

मॅडर्टीची पत्नी ही मार्क्विस ऑफ माँट्रोझची बहीण. १६५० साली एडिनबराला फाशी गेलेल्या त्या सेनानीचे खिशात मावणारे फ्रेंच बायबल येथे आहे, आणि त्यावर त्याची सही आहे. बहुतेक प्रवासी ते पाहायला येतात. मी आले होते उसन्या पुस्तकांच्या नोंदवहीसाठी.

१७४७ पासूनच्या नोंदी तीत आहेत. पुस्तक नेणारा स्वतःच्या हाताने लिहितो की अमुक ग्रंथ मी नेला आहे आणि ठरल्या मुदतीत तो सुस्थितीत परत करीन. खाली नाव, बहुधा गाव, आणि पुष्कळदा व्यवसाय. विणकर, सुतार, रंगारी, शाळामास्तर, विद्यार्थी, नोकर, आणि स्त्रियाही. काही हस्ताक्षरे वळणदार आहेत, काहींत प्रत्येक अक्षर जपून काढलेले दिसते. धर्मग्रंथ आणि इतिहास यांना मागणी मोठी. राजगादीच्या वादातून १७४६ साली झालेल्या कुलोडनच्या लढाईला एक वर्ष होत असताना ही वही सुरू झाली. त्या लढाईवर पुस्तकांच्या राशी आहेत, पण त्याच वर्षी पर्थशायरचा विणकर कोणते पुस्तक काखेत मारून घरी गेला हे सांगणारा असा कागद विरळाच. पुस्तके देण्याचे काम १९६८ पर्यंत चालू होते.

तेथील स्वयंसेविकेने पाने कशी उलटायची ते दाखवले आणि जवळच्या गावांतील काही कुटुंबे आपल्या आडनावाचा शोध घेत येतात असे सांगितले. स्टर्लिंग आणि ग्लासगो विद्यापीठांतील अभ्यासकांनी १७५० ते १८३० या काळातील अठरा स्कॉटिश ग्रंथालयांच्या अशा नोंदी एकत्र करून महाजालावर मोफत ठेवल्या आहेत, हेही तिच्याकडून कळले. क्रीफच्या मुक्कामी रात्री आम्ही दोघे त्यात शिरलो. व्यवसाय निवडून शोध घेता येतो. भाच्याने ‘विणकर’ निवडले, मी ‘शाळामास्तर’.

शुक्रवार, डनब्लेन

परतीच्या वाटेवर डनब्लेनच्या कॅथीड्रलजवळील लेटन ग्रंथालय पाहिले. आर्चबिशप रॉबर्ट लेटन याने मागे ठेवलेल्या सुमारे १४०० पुस्तकांसाठी १६८० च्या दशकात ते बांधले गेले. ते प्रथम धर्मगुरूंसाठी होते आणि अठराव्या शतकात वर्गणीदारांना खुले झाले, त्यामुळे इनरपेफ्रेची नोंदवही आणि येथील नोंदी शेजारी ठेवून वाचल्या की एकाच परिसरातील दोन वेगळे वाचकवर्ग दिसू लागतात. उन्हाळ्यात ते काही तासच उघडे असते; जाणाऱ्यांनी वेळ आधी पाहून घ्यावी.